आमचें माप

मनुष्याच्या आयुष्यांत कांहीं वस्त्रें अशीं येतात, कीं त्यांचें आगमन हा एक लहानसा संस्कारच असतो. मुंजींतील लंगोटी, शाळेचा पहिला गणवेष, मुलीला हौसेनें नेसविलेलें पहिलें लुगडें, नवऱ्या मुलाचा अंगरखा, यांपैकीं प्रत्येकाबरोबर घरांतील चार माणसें जमतात, कोणी तरी दृष्ट काढतें, आणि कापड अंगावर चढतें न चढतें तोंच त्या व्यक्तीचें घरांतील स्थान एका पायरीनें बदलतें. आमच्या वांट्यास असें एक वस्त्र वयाच्या चौतिसाव्या वर्षीं आलें. तें आणावयास कोणी थाटानें बाजारांत गेलें नाहीं, त्यास कुंकवाचें बोट लागलें नाहीं, आणि त्याचें नांवही आमच्या घरांत कोणाच्या ओळखीचें नव्हतें. इंग्रजींत त्यास ‘बाइंडर’ म्हणतात. छाती सपाट दिसावी म्हणून सदऱ्याच्या आंत घालावयाची, पुढच्या बाजूस न ताणणाऱ्या दुहेरी कापडाची आणि पाठीस लवचिक विणीची, अशी ती एक बिनबाह्यांची बंडी असते. ज्यांस जन्मतः मुलगी म्हणून पाळण्यांत घातलें, पण जे स्वतःस पुरुष म्हणून ओळखतात, अशा पारलिंगी पुरुषांपैकीं पुष्कळांस ती लागते. आम्ही त्यांपैकींच एक आहों. आणि शिवाय चांगले लठ्ठ आहों. या दोन गोष्टींची जेथें गांठ पडते, तेथील हकीकत येथें सांगावयाची आहे.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. मासिकांतून लिहिणारे लोक पूर्वीपासून स्वतःस ‘आम्ही’ म्हणवीत आले आहेत, आणि त्यांत थोडी ऐट असते अशी वाचकांची समजूत आहे. आमच्या ‘आम्ही’चें मूळ ऐटींत नसून गरजेंत आहे. मराठींत ‘मी’ म्हटलें, कीं पुष्कळदां पुढच्या क्रियापदाला आपलें लिंग सांगावें लागतें. ‘मी जातों’ म्हणणारा पुरुष, ‘मी जातें’ म्हणणारी स्त्री. ‘आम्ही जातों’ हें मात्र पुरुषही म्हणतात आणि बायकाही म्हणतात. व्याकरणांतील ही सोय आम्हांस सातव्या-आठव्या वर्षींच सांपडली. शाळेंतून परत आल्यावर ‘आम्ही खेळलों’, ‘आम्ही डबा खाल्ला’ असें सांगितलें, म्हणजे आईशीं खोटें बोलावें लागत नसे आणि स्वतःशींही बोलावें लागत नसे. घरचे हंसत व म्हणत, ‘आले मोठे पेशवे!’ पुढें कळत्या वयांत ‘मी जातों’ म्हणण्याचें धैर्य आलें. तरी ज्यानें लहानपणीं आश्रय दिला त्यास विसरूं नये, म्हणून या लेखांत तोच शब्द ठेवला आहे.

आतां लठ्ठपणाविषयीं. सामान्य मनुष्य दुकानांत जाऊन वस्त्राची निवड करतो. लठ्ठ मनुष्याच्या बाबतींत वस्त्रच त्याची निवड करीत असतें. पन्नास सदरे टांगलेले असले तरी त्यांतील अठ्ठेचाळीस आपले नव्हेत, हें तो दुकानाच्या पायरीवरूनच ओळखतो. उरलेल्या दोहोंपैकीं जो अंगांत जाईल तो आपणांस आवडला, असें त्यानें म्हणावयाचें असतें. ‘यापेक्षां मोठं माप येत नाहीं’ हें वाक्य दुकानदाराच्या तोंडून ज्या सुरांत निघतें, त्यावरून उणेपणा कापडाचा नसून अंगाचा आहे असेंच ऐकणाऱ्यास वाटावें. अशा स्थितींत बाइंडरची गोष्ट निघतांच आमच्या हितचिंतकांनीं एकमुखानें सल्ला दिला, कीं आधीं वजन उतरवावें, म्हणजे छातीचें आपोआप होईल. हा सल्ला प्रेमाचा होता, परंतु खरा नव्हता. स्तनांत चरबी असते तशी ग्रंथीही असते. वजन उतरल्यावर छाती किती उतरेल हें ज्याच्या त्याच्या शरीरावर अवलंबून असतें, आणि त्याची हमी कोणासही देतां येत नाहीं. शिवाय ‘बारीक झाल्यावर पुरुष हो’ असें सांगणें, म्हणजे मनुष्यास आपल्याच आयुष्याच्या दारांत उमेदवार म्हणून बसवून ठेवणें होय. चौतीस वर्षें आम्ही तेथें बसलोंच होतों.

या सल्ल्यांतील दुसरा दोष अधिक खोल आहे. पुरुष म्हणजे सडपातळ, रुंद खांद्यांचा आणि फळीसारख्या छातीचा, हें चित्र त्यांत गृहीत धरलेलें असतें. बाइंडरच्या जाहिरातींतही बहुधा असेच तरुण उभे केलेले दिसतात. पण असा पुरुष आमच्या घराण्यांत कोणीं पाहिलेला नाहीं. आमचें घर सोलापूरचें. मकरसंक्रांतीच्या सुमारास तेथें सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि मिरवणुकींत चालणारे भक्त पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात. आमचे आजोबाही घालीत. उंची बेताची, मान आंखूड, पोट पुढें आलेलें आणि छाती दोन्ही बाजूंस उतरलेली; पण बाराबंदी चढवून ते अंगणांत येऊन उभे राहिले, म्हणजे वडीलधारीं माणसेंसुद्धां बोलतां बोलतां थांबत. काकांची देहयष्टि तीच. उन्हाळ्यांत नुसत्या गंजिफ्राकांत ते ओट्यावर येऊन बसत, तेव्हां त्यांच्या छातीची गोलाई पाहून त्यांच्या पुरुषत्वाविषयीं कोणास शंका आल्याचें ऐकिवांत नाहीं. लहानपणीं मनांतल्या मनांत आम्ही जो पुरुष होत होतों, तो पडद्यावरचा नट नव्हता. तो हा होता: पोट सुटलेला, घामेजलेला, बाराबंदी घातलेला.

ही गोष्ट एकदां स्वच्छ ध्यानांत आली आणि अर्धा प्रश्न सुटला. बाइंडरनें आम्हांस फळी करावयाचें नव्हतेंच. लठ्ठ पुरुषाची छाती पोटाबरोबर एकाच उतारानें खालीं येते. तसा उतार सदऱ्यावर दिसला म्हणजे काम झालें. त्यास पुष्कळ कमी दाब पुरतो. बाराबंदीस बारा बंद असतात. अंग भरलें तर बंद सैल बांधावा, अंग उतरलें तर ओढून घ्यावा. वस्त्र अंगाच्या मागून चालतें. आजोबांचें पोट वर्षानुवर्षें वाढत गेलें, तरी बाराबंदीनें त्यांस कधीं ‘मोठं माप येत नाहीं’ असें ऐकविलें नाहीं. आपलें नवें वस्त्रही या कुळींतलें असावें, असें आम्हीं ठरविलें.

दाबाचा विचार इतक्या बारकाईनें करण्याचें कारण असें, कीं छाती बांधणें ही गोष्ट निरुपद्रवी नाहीं. अमेरिकेंतील संशोधकांनीं केलेली एक पाहणी २०१७ सालच्या एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहे. तींत छाती बांधणाऱ्या १८०० जणांस प्रश्न विचारले होते. पाठदुखी, धाप लागणें, अंगास खाज सुटणें अशा २८ त्रासांची यादी त्यांच्यापुढें ठेवली होती. त्यांपैकीं निदान एक तरी आपणांस झाल्याचें शेंकडा ९७.२ जणांनीं सांगितलें. लवचिक पट्ट्या गुंडाळणारे आणि चिकटपट्टी लावणारे यांस त्रास व्हावा यांत नवल नाहीं. परंतु दुकानी बाइंडर घालणारेही त्यांतून सुटले नव्हते. आठवड्यांतून जितके अधिक दिवस बांधावें तितका त्रास अधिक, आणि मोठ्या छातीच्या लोकांस विशेषेंकरून त्वचेचे विकार, असेंही त्यांत आढळलें. मग हे लोक बांधतात तरी कां? त्याच लोकांनीं त्याचेंही उत्तर दिलें आहे: बांधल्यानें मनाचा कोंडमारा कमी होतो, चारचौघांत उभें राहण्याचा धीर येतो. एका पारड्यांत पाठ आणि फांसळ्या, दुसऱ्यांत मन. असा हा सौदा आहे. तो डोळे उघडे ठेवून करावा आणि होतां होईल तों स्वस्तांत करावा, एवढेंच शहाणपण मनुष्याच्या हातीं राहतें.

आमच्या पारड्यांत आणखी एक वजन होतें. आम्हांस लहानपणापासून दमा आहे. ज्यानें कधीं काळीं पहाटे तीन वाजतां खिडकीच्या गजास धरून श्वास ओढला आहे, त्यास श्वास ही फुकटची वस्तु वाटत नाहीं. म्हणून मुरगळलेल्या पायास बांधावयाची क्रेपची पट्टी छातीस गुंडाळावी, ही सूचना आम्हीं प्रथमच बाजूस सारली. ती पट्टी हालचालीबरोबर सरकते, गोळा होते आणि एकेका जागीं करकचून आवळते. नंतर आम्ही आमच्या नेहमींच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलों. हें वस्त्र त्यांनीं पूर्वीं पाहिलेलें नव्हतें. ‘आठ दिवस द्या, वाचून सांगतें,’ असें त्या म्हणाल्या, आणि आठव्या दिवशीं त्यांनीं खरोखरच सांगितलें. पहिले कांहीं दिवस दोन तासांवर घालूं नये. संवय झाल्यावरही एका दिवसांत आठ तासांची मर्यादा ओलांडूं नये. झोंपतांना आणि व्यायाम करतांना घालूं नये. एकावर एक दोन कधींही घालूं नयेत. आठवड्यांतून एखादा दिवस अंगास सुटी द्यावी. घातल्यावर दोन्ही हात वर करून पुरा श्वास घेतां आला पाहिजे आणि मोकळेपणानें खोकतां आलें पाहिजे. दुखूं लागलें, मुंग्या आल्या किंवा धाप लागली तर तेथल्या तेथें काढावा. इतकें सांगून त्यांनीं आमची फुंकावयाची परीक्षा घेतली व आंकडा लिहून ठेवला, कीं पुढें तुलना करतां यावी.

मग प्रश्न आला मापांचा. तीन मापें लागत होतीं: छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेचें, छातीच्या अगदीं खालचें, आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतचें. लठ्ठ मनुष्यास स्वतःचें माप स्वतः नीट घेतां येत नाहीं. फीत पाठीमागें कोठें उतरली हें त्यास दिसत नाहीं. आमच्या आईनें चाळीस वर्षें शिवणकाम केलें आहे. आम्हीं तिला कशासाठीं तें सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें शिवणयंत्राच्या खणांतून साठ इंची फीत काढली आणि चष्मा लावला.

‘हात वर कर,’ ती म्हणाली. ‘आतां खालीं सोड. श्वास घे.’

आम्हीं घेतला.

‘पुरा घे. अर्ध्या श्वासावर माप घेतलं, तर कपडा अर्ध्या श्वासाचाच होतो.’

छाती ५२ इंच, छातीखालीं ४६, खांदे साडेसतरा. आकडे ऐकून तिनें नाक मुरडलें नाहीं कीं उसासा टाकला नाहीं. तिच्या फितीला सर्व अंगें सारखीं. गिऱ्हाइकांच्या मापांची तिची एक लांबट वही आहे, तींत तिनें नवें पान काढलें आणि वर नांव घातलें. आम्ही डोकावून पाहिलें. तें आमचें नवें नांव होतें. तोंपर्यंत तें तिच्या तोंडून एकदांही आलेलें नव्हतें. मागें एका कागदावर आम्हीं लिहून दिलें होतें, तो कागद तिनें वाचला कीं नाहीं हेंही आम्हांस ठाऊक नव्हतें. अक्षर शुद्ध होतें, र्‍हस्व-दीर्घासह. दोघांपैकीं कोणीही त्याविषयीं बोललें नाहीं.

यापुढील निवड तुलनेनें सोपी होती. बाइंडर दोन लांब्यांचे असतात. एक फांसळ्यांपर्यंत येऊन थांबतो, दुसरा कमरेपर्यंत उतरतो. लांब बाइंडर पोटही आवरतो म्हणून लठ्ठ मनुष्यास त्याचा मोह पडतो. परंतु जमिनीवर मांडी घालून जेवावयास बसलें, कीं तो खालून गुंडाळत वर येतो आणि पोटावर एक वळकटी होऊन बसतो. दमेकऱ्यास तर पोटाची हालचाल मोकळी हवी. आंखूड बाइंडरची खालची कड नेमकी छातीखालच्या वळींत रुतते, हा त्याचा दोष. म्हणून आम्हीं आंखूडच, पण खालचा पट्टा रुंद व मऊ असलेला, बगला मोठ्या कापलेला आणि एका कुशीस आंकड्यांच्या तीन रांगा असलेला निवडला. आंकडे असले म्हणजे डोक्यावरून ओढाताण करावी लागत नाहीं, आणि दम लागल्यास एका हातानें मोकळें होतां येतें. रंग अंगाच्या रंगाशीं मिळता घेतला. पांढऱ्या सदऱ्याखालीं तो पांढऱ्यापेक्षां कमी दिसतो. मापाच्या तक्त्यांत छाती एका घरांत पडत होती आणि खांदे त्याच्या अलीकडच्या घरांत. अशा वेळीं एका तरुण मित्राचा सल्ला आला, कीं लहानच घे, जास्त सपाट दिसशील. आम्हीं मोठा घेतला. आयुष्यांत प्रथमच मोठें माप हें नाइलाजानें पत्करलेलें नव्हतें. समोर दोन मापें होतीं आणि त्यांतील मोठें आम्हीं राजीखुषीनें निवडलें. खांद्याचे पट्टे आईनें अर्धा अर्धा इंच आंत घेतले. छातीच्या कापडास हात लावला नाहीं.

पहिल्या दिवशीं दोन तास घातला. आरशांत कोणी राजबिंडा तरुण दिसला असें नाहीं. सदऱ्याचीं बटणें सरळ रेषेंत आलीं, छातीचा उतार पोटांत मिसळला, आणि समोर आमचे काका उभे होते, थोडे तरुण वयाचे. आम्हीं हात वर केले, श्वास घेतला. तो पुरा आला. पाठीचा बांक नाहींसा झाला, तो बाइंडरनें ताणल्यामुळें नव्हे. इतकीं वर्षें छाती लपविण्यासाठीं आम्ही खांदे पुढें ओढून चालत होतों, तें आतां करावें लागेना.

पुढील व्यवहार सर्व घरगुती आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हां नायलॉनचें घट्ट कापड आणि लठ्ठ मनुष्याचा घाम यांचें जमत नाहीं. म्हणून आंत पातळ सुती गंजी घालावी, छातीखालची वळी कोरडी ठेवावी, तेथें लाली दिसली तर दोन दिवस बाइंडर खुंटीवर ठेवावा. आणि अगदीं तापलेल्या दिवसांत तो न घालतां सैल सदऱ्यावर भागवावें. धुवावयाचा तो थंड पाण्यांत, हातानें, न पिळतां, वाळवावयाचा सावलींत. आमच्या वाड्याच्या गॅलरींत एकच दोरी आहे. पहिल्या खेपेस तो कोठें वाळवावा या विवंचनेंत आम्ही असतां आईनें तो काकांच्या गंजिफ्राकांच्या मधोमध चिमटे लावून टांगला. शेजारच्या वहिनींनीं विचारलें, ‘हे काय नवीन?’ आई म्हणाली, ‘बंडी आहे.’ तेवढ्यावर विषय संपला.

१५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्या निकालांत, आपलें लिंग कोणतें हें ठरविण्याचा हक्क ज्याचा त्यास आहे, असें मान्य केलें. त्या निकालाचें मोल आमच्यासारख्यांस सांगावयास नको. परंतु न्यायालय कपडे शिवीत नाहीं. हक्क मिळाल्यावरही सकाळीं उठून कांहीं तरी अंगांत घालावें लागतें, आणि तें मापाचें नसलें तर हक्क अंगावर बसत नाहीं. हेंही सांगितलें पाहिजे, कीं बाइंडर हा पुरुषत्वाचा दाखला नव्हे. कित्येक पारलिंगी पुरुष तो घालीत नाहींत. कोणास तो सोसत नाहीं, कोणास नकोच असतो, कोणी पुढें शस्त्रक्रिया करून घेतात. ते कोणी आमच्यापेक्षां कमी पुरुष आहेत असें नाहीं. आम्हीही ज्या दिवशीं तो घालीत नाहीं, त्या दिवशीं काकांचे पुतणेच असतों.

हा मजकूर ज्या घरांत वाचला जाईल, त्यांतील एखाद्या घरांत आमच्यासारखा मुलगा असण्याचा संभव आहे. तो बहुधा कुबड काढून चालत असेल आणि सैल कपडे घालीत असेल. तो लठ्ठ असेल तर त्याची सर्व कुचंबणा लठ्ठपणाच्या खातीं मांडून घरचे मोकळे झाले असतील. दार लावून तो कशानें तरी छाती आवळीत नाहीं ना, याकडे लक्ष असूं द्यावें. आणि आवळीत असल्यास रागावण्यापूर्वीं घरांतील माप घ्यावयाची फीत शोधावी. त्याचें म्हणणें पटावयास घरच्या माणसांस वेळ लागेल, कदाचित् वर्षें लागतील. फांसळ्या तोंवर थांबत नाहींत. मत बनण्यापूर्वींही माप घेतां येतें. आमच्या आईचें मत आजही पूर्ण बनलें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं; बोलतां बोलतां ती अजून अडखळते, एका वाक्यांत आम्ही मुलगा असतों आणि पुढच्या वाक्यांत मुलगी. पण वहींतील तें पान तिनें खोडलेलें नाहीं. आणि परवा नवा बाइंडर मागवावयाचा म्हणून तिनें फीत काढली, तेव्हां छातीचा आंकडा एक इंचानें वाढलेला निघाला. तिनें जुना ५२ खोडला, त्याच्या शेजारीं ५३ लिहिले, आणि एवढेंच म्हणाली, ‘वाढायचंच. मोठा मागव.’